थांबलो, तर परिक्रमा मोडली का?

सुभानपुऱ्यातून आम्ही पाचजणी गिरनारच्या लिली परिक्रमेला गेलो होतो. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा, जंगलातून साधारण ३६ किलोमीटर. भवनाथहून निघून जीणाबावाच्या मढीपर्यंत सगळ्या हसतखेळत. पुढची माळवेलाची घोडी (तिथे चढाला घोडी म्हणतात) मात्र दमवते. तिथे आमच्यातल्या एका मावशींचा गुडघा आखडला. "तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर आम्हाला दयेच्या आधी रागच आला. वर्षभर मनात धरलेला संकल्प यांच्यापायी मोडणार! ओठांवर नाव दत्तप्रभूंचं, आणि पोटात काळजी आपल्या पुण्याची.

दोघी त्यांच्याजवळ थांबलो, दोघी पुढे गेल्या. गेलेल्यांना चुकीचं म्हणवत नाही, त्यांचाही नेम होताच की. पण अन्नक्षेत्रात टेकलो तेव्हा दिसलं, वाढणारे सेवेकरी ते पाचही दिवस एकाच जागी उभे. हजारोंना जेवू घालतात, स्वतः पाऊलभर पुढे जात नाहीत. त्यांची परिक्रमा कशी मोजायची?

परतताना मावशींनी तीनदा माफी मागितली. आम्हाला राग आला होता, हे मात्र त्यांना आज इथेच कळतंय.