जागं कोणी राहायचं?

चेन्नईच्या पुरात 2 डिसेंबर 2015 रोजी ‘द हिंदू’ छापलाच गेला नाही; 1878पासून प्रथमच. कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नव्हते. वाचक रागावले नसावेत. पाणी त्यांच्याही दारात होतं.

बंद सर्व्हरचं कारण असं दिसत नाही. चेन्नईच्या उकाड्यात तो रिकामा असतानाही वीज खातो, शिवाय त्याला गार ठेवायला आणखी वीज. साडीच्या दुकानाचं संकेतस्थळ मध्यरात्री झोपलं तर काय बिघडलं? मात्र गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं. न सांगता केलेली बचत ही लबाडीच.

त्याच पुरात लोक बोटी, जेवण, निवारा इंटरनेटवर शोधत होते. अशा माहितीचा राखीव सर्व्हर वर्षभर रिकामा जागतो. त्याची वीज मी वाचवणार नाही.