चाचे कोण?

युरोपातल्या सरकारांनी विनापरवाना रेडिओवाल्यांना 'चाचे' म्हटलं. शब्द नीट बघा, दोस्तहो. चाचा म्हणजे दुसऱ्याचं लुटणारा. मग हवेचा सातबारा कुणाच्या नावावर होता?

1964 च्या मार्चात रोनन ओ'राहिली या आयरिश पोरानं इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर जहाज नांगरलं. रेडिओ कॅरोलाइन. तीन मैलांपलीकडं इंग्लंडचा कायदा लागू नव्हता, पण तिथून निघालेली लहर बिनदिक्कत घरात शिरायची. देशात रेडिओची मक्तेदारी बीबीसीची, तरुणांचं गाणं तिथं मोजूनमापून. 14 ऑगस्ट 1967 पासून या जहाजांना माल, माणूस, जाहिरात पुरवणं गुन्हा ठरलं. दीड महिन्यात बीबीसीनं स्वतःचं रेडिओ वन काढलं आणि पहिल्यांदा माइकपुढं बसवला कोण? टोनी ब्लॅकबर्न. कालचा चाचा! म्हणजे गाणं वाईट नव्हतं, पोरगाही वाईट नव्हता. मालक तेवढा चुकीचा होता.

तरी मी या जहाजांचा उदोउदो करणार नाही. तिथं जाहिरातीचा पैसा होता. रेडिओ सिटीचा मालक रेजिनाल्ड कॅल्व्हर्ट 1966 मध्ये धंद्याच्याच भांडणात गोळी लागून मेला. कायदा मोडला म्हणून कुणी आपला होत नाही. माइक कुणाच्या तोंडाशी गेला ते विचारा.

लंडनच्या काळ्या वस्तीतल्या पोरांनी 1980 नंतर ड्रेड ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन काढलं. नावातच बीबीसीची टिंगल. त्यांचं रेगे संगीत दुसरीकडं कुणी धड वाजवत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः वाजवलं. यात कुणाचं काय लुटलं?

पण मला छळतं ते फ्रान्समधलं लाँगवी गाव. पोलादाचे कारखाने बंद होणार, हजारोंची भाकरी जाणार. रेडिओ सरकारच्या मुठीत. 1979 च्या मार्चात सीजीटी या कम्युनिस्टांच्या जवळच्या कामगार संघटनेनं तिथं बेकायदा रेडिओ सुरू केला, 'लोरेन केर दासिए', म्हणजे लोरेनचं पोलादी काळीज. एरियल चर्चच्या मनोऱ्यावर. मार्सेल त्रिया आणि जाक द्युपाँ हे दोन पत्रकार पगारी, बाकी सगळं गाव. कुणीही यावं, बोलावं. फोन आला की सरळ प्रक्षेपणात. कामगार बोलले, परमुलखातून आलेले मजूर बोलले. बायका बोलल्या, आणि त्या काय फक्त कारखान्याबद्दल बोलणार? घरातल्या नवऱ्याबद्दलही बोलल्या. सरकारनं घरघर मिसळून आवाज बुडवायचा प्रयत्न केला, तेव्हा लोक रस्त्यावर आले.

पण तोंड एकदा उघडलं की ते फक्त मालकाविरुद्ध बोलत नाही. संघटनेच्या, पक्षाच्या धोरणावरही तिथं उघड टीका व्हायला लागली. आणि 1980 मध्ये त्या दोन पत्रकारांना दूर केलं ते सरकारनं नव्हे, सीजीटीनंच.

कॅरोलाइनला चाचा म्हणणारं सरकार मला कळतं. त्याचा धंदाच तो. लाँगवीचं मात्र पुढच्या सभेत मोठ्यानं वाचा, आणि वाचताना आपल्या अध्यक्षांच्या तोंडाकडं जरा बघा.