एक मेंढरू कमी आहे



पास्काकाळातील चौथा रविवार ख्रिस्तसभा 'उत्तम मेंढपाळाचा रविवार' म्हणून साजरा करते. १९६४ सालापासून उत्तम मेंढपाळाच्या रविवारीच पाचारणासाठी जगभर प्रार्थना केली जाते. त्यामुळे हा दिवस फक्त धर्मगुरूंचा आणि धर्मभगिनींचा, असा आपला समज होतो. परंतु मेंढपाळ होण्याचे पहिले पाचारण आपल्याला बाप्तिस्म्यातच मिळाले आहे.

सिरिया देशात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचे प्राचीन शहर होते. तेथे सन २४०च्या सुमारास एका साध्या घराचे प्रार्थनामंदिर करण्यात आले होते. १९३०च्या दशकात उत्खननात ते सापडले. त्यातील बाप्तिस्म्याच्या कुंडावरच्या भिंतीवर एक चित्र होते: खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आणि समोर त्याचा कळप. पाण्यात उतरणाऱ्या माणसाला समोर तो दिसत असे. आपण कोणाच्या खांद्यावर आहोत आणि यापुढे कोणासारखे जगायचे आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नसे.

बाळाच्या बाप्तिस्म्यात फादर त्याच्या डोक्याला क्रिझ्म तेल लावतात, तेव्हा ते ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या पदांत सहभागी होते. राजा म्हटले की आपल्याला सिंहासन आठवते. बायबलमध्ये मात्र राजा म्हणजे प्रजेचा मेंढपाळ. दावीद मेंढरांमागून आला आणि राजा झाला. यहेज्केल संदेष्ट्याने ३४व्या अध्यायात इस्राएलच्या पुढाऱ्यांना खडसावले, ते याचसाठी. ते स्वतःचे पोट भरत होते. दुबळ्यांना बळ देणे, जखमींना पट्टी बांधणे, हरवलेल्यांना शोधणे त्यांनी सोडून दिले होते. म्हणजे बाप्तिस्म्याने मिळालेले राजेपण म्हणजे दुसऱ्याची काळजी वाहण्याची जबाबदारी होय.

एक आठवण सांगतो. आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी एका घरी गेलो होतो. आजी पाय मोडून खाटेवर होत्या. मुले परदेशी. कम्युनियन घेऊन झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "फादर, सहा रविवार मी मिस्साला आले नाही. माझी जागा रिकामी आहे, हे कोणाच्या लक्षात आलं का हो?"

मला उत्तर देता आले नाही. सहा रविवार मी वेदीवरून त्याच बाकाकडे पाहत होतो. शेजारी बसणारेही तेच होते. सहाही रविवार दानपेटीतील पैसे मात्र आम्ही बिनचूक मोजले होते.

लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळाला शंभरातले एक मेंढरू कमी आहे हे कळले, कारण तो मोजत होता. आपल्याकडचा धनगरही आपली मेंढरे ओळखतो. कुठले लंगडते, कुठले व्यायला आले आहे, हे तो जाणतो. मोलकऱ्याला त्याचे काही वाटत नाही. लांडगा आला की तो पळतो, असे प्रभू येशू योहानाच्या १०व्या अध्यायात सांगतो. आज लांडगा वेगळ्या रूपात येतो: एकटेपण, दारू, कर्ज, भावाभावांतील जमिनीचा तंटा. असे घर दिसले की "आपल्याला काय करायचंय?" म्हणून आपण दार लावून घेतो. तेव्हा आपण मेंढपाळ असतो की मोलकरी?

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली धर्मगुरूंना सांगितले होते की, मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा. ही गोष्ट धर्मगुरूंइतकीच आईवडिलांना, धर्ममातापित्यांना आणि शेजाऱ्यांनाही लागू आहे. आपण ज्याचे धर्ममातापिता झालो, ते मूल आज कुठे आहे, कसे आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का?

आज मिस्सा संपल्यावर लगेच घाईने निघू नका. आपल्या बाकावर नजर टाका. कोण दिसत नाही? या आठवड्यात त्यांच्या घरी जा. उपदेश करू नका, नुसते बसा, त्यांचे ऐका. त्या आजींची जागा आता रिकामी राहिली, तर दोघीजणी त्यांच्या घरी चौकशीला जातात. सुरुवात एवढ्यानेही होते.

हे प्रभू येशू, तू आम्हांला नावाने ओळखतोस आणि खांद्यावर वाहतोस. आमच्या बाप्तिस्म्याची आठवण आमच्या पायांत उतरू दे, म्हणजे हरवलेल्यांच्या दारापर्यंत आम्ही चालत जाऊ. आमेन.