नुसतं सान्निध्य

सांख्य दर्शनातला पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, काही करत नाही. तो नुसता असतो, आणि लोहचुंबकापाशी लोखंड हलावं तशी जड प्रकृती त्याच्या असण्यानंच कामाला लागते. शंकराचार्यांना हा दृष्टान्त मान्य नाही. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादाच्या सातव्या सूत्रावर त्यांचा आक्षेप असा, की पुरुषाचं सान्निध्य कायमचं असेल तर हालचालही कायमची होईल. मग मोक्ष कुणालाच नाही.

आमच्या भाष्यपाठात हे सूत्र आलं तेव्हा मी कॉलेजात एनएमआर (अणुकेंद्रांचं चुंबकीय अनुस्पंदन) शिकवत होते. त्या दिवसापासून हा वाद माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

एनएमआरवरच चालणाऱ्या एमआरआयच्या १.५ टेस्लाच्या चुंबकात पाण्यातले प्रोटॉन कवायतीला उभे राहिल्यासारखे रांग धरत नाहीत (पाठ्यपुस्तकांतली तशी चित्रं मला मुळीच आवडत नाहीत). प्रत्येकाचा अक्ष क्षेत्राभोवती सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा फिरतो. कलाचा कोन मात्र तोच. स्थिर क्षेत्र त्याला ऊर्जा देत नाही, घेतही नाही. एकंदरीत क्षेत्राच्या बाजूनं जे पारडं झुकतं, दहा लाखांमागे जेमतेम पाचांनी, तेही आजूबाजूच्या रेणूंच्या धक्काबुक्कीमुळे. १९४५ साली हार्वर्डमध्ये पर्सेल, टॉरी आणि पाउंड यांनी पॅराफिनवर प्रयोग केला, तेव्हा पारडं असं झुकायला फार वेळ लागेल या धास्तीनं त्यांनी चुंबक आधी कित्येक तास चालू ठेवला होता.

म्हणजे नुसत्या सान्निध्यानं भागत नाही. नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर आडवी लागली, की सगळे एका तालात येतात आणि संदेश मिळतो. पण ती वारंवारता ठरवतं कोण? तेच काही न देणारं क्षेत्र. अकर्त्याचं एवढं चालतं, ही मला सांख्यांची मोठी जमेची बाजू वाटते.

हे ऐकून वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लहर बंद केली की संदेश काही सेकंदांत विरतो. क्षेत्र तर तिथंच असतं. मग सान्निध्य असूनही निवृत्ती झालीच ना?"

प्रश्न फार चांगला होता. पण विरतो तो ताल. एकेक प्रोटॉन तेवढ्याच वेगानं फिरत असतो, फक्त एकमेकांशी मेळ तुटलेला असतो. आपल्यापर्यंत काही पोचेना, याला मोक्ष कसं म्हणावं? आचार्यांचा आक्षेप इथं टिकतो. सांख्यकारिकेत प्रकृतीला जिची उपमा दिली आहे ती नर्तकी मात्र प्रेक्षकांना दर्शन घडलं की स्वतःहून थांबते. सांख्यांनी चुंबक सोडून तिचाच आधार घ्यावा, असं मी पुढच्या पाठात मांडणार आहे.