रक्ताचे ऋण

१९३१ च्या जून महिन्यात लेडी मेहेरबाई टाटा वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने गेल्या. रक्ताच्या कर्करोगावर उपाय म्हणावा असे त्या काळी डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. सोमलाचे औषध किंवा क्ष-किरण यांनी रोग थोडा काळ दबे, एवढेच. पुढच्या एप्रिलमध्ये सर दोराबजी टाटांनी पत्नीच्या नावाने एक न्यास केला. त्याच्या उत्पन्नाचे चार-पंचमांश ल्युकेमियावरच्या संशोधनाला, मग संशोधक कुठल्याही देशाचा असो, आणि उरलेला पाचवा भाग भारतातल्या वैद्यकीय संशोधनाला, अशी त्याची वाटणी होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत दोराबजीही गेले. या पैशातून काय निष्पन्न होणार ते त्यांना दिसणार नव्हते, आणि जिच्यासाठी जीव तुटला ती तर आधीच गेली होती. मग हे दान दिले कोणाला? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितले आहे आणि परतफेडीची अपेक्षा नको असेही म्हटले आहे. परतफेडीचा प्रश्न इथे मिटतोच, पण पात्राचे काय? जो अजून आजारी पडलेला नाही, कदाचित जन्मलाही नाही, त्याला दान देता येते का? आणि दारात रुग्ण उभा असताना ते द्यावे का?

रक्ताच्या कर्करोगासाठी काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा प्रश्न दरवर्षी अंदाजपत्रक मांडताना सोडवावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये १९४९ साली रुडॉल्फ आणि अँटोइनेट डी व्हिलियर्स या दांपत्याने अशी एक संस्था काढली. पाच वर्षांपूर्वी त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा ल्युकेमियाने गेला होता. पुढे ल्युकेमिया अँड लिम्फोमा सोसायटी या नावाने जगाला माहीत झालेल्या या संस्थेने प्रयोगशाळांना अनुदाने दिली आणि रुग्णांच्या घरच्यांना माहिती, आधार, खर्चाला हातभारही दिला. बाहेरून पाहणाऱ्याला ही एका छपराखालची दोन वेगळी कामे वाटतात: एक दयेचे, दुसरे विज्ञानाचे. मला ती एकाच देण्याचे दोन हप्ते वाटतात. ही दोन कामे दान या शब्दात मावत नाहीत. त्यांना ऋण म्हटले की त्यांचे नाते उलगडते.

आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथेही सांगितले आहे, ते माणसांचे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते आणि माणसांचे ऋण त्यांना निवारा व अन्न दिल्याने फिटते. ज्या यज्ञसंस्थेच्या संदर्भात हे सांगितले गेले तिच्याशी आज आपला फारसा संबंध उरलेला नाही, पण विचार टिकाऊ आहे. ज्ञान आपल्याला उसने मिळालेले असते आणि जगणेही. रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. १९४७-४८ मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिले. ते तयार झाले होते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत, आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली. सोळापैकी दहा मुलांना उतार पडला. काही आठवडे, काही महिने ती खेळली, जेवली, आणि मग रोग उलटला. त्या मुलांना बरे करणारे औषध तेव्हा नव्हतेच. पण रसायनाने ल्युकेमिया मागे हटू शकतो हे त्यांच्याच रक्तातून कळले. आज परळच्या टाटा रुग्णालयात एखादे मूल गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर वळते आणि त्याच्या मणक्यात पिवळसर औषधाची सुई दिली जाते. ते मेथोट्रेक्सेट म्हणजे अमिनोप्टेरिनचेच सख्खे भावंड. मुलांमधला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्यातून तेव्हा जवळजवळ कोणीच वाचत नसे, त्यातून संपन्न देशांत आता दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात. हे श्रेय शास्त्रज्ञांचे आहेच. पण या ज्ञानाचे पहिले दाते ते रुग्ण होते, आणि त्यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. संशोधनाला पैसा देणारा त्यांचे ऋषिऋण फेडत असतो. एरवी आपण ऋषी शब्द ज्यांच्यासाठी वापरतो त्यांच्यात या मुलांनाही बसवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मग चौथे ऋण? मुलांमधल्या या ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. गडचिरोलीहून किंवा बिहारमधल्या एखाद्या गावाहून मुलाला घेऊन आलेल्या आईबापांपुढे औषधाच्या आधी झोपायचे कुठे हा प्रश्न असतो. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशींचा काउंट पडलेल्या मुलाला फूटपाथवर ठेवले तर कर्करोगाआधी जंतुसंसर्गच त्याला नेईल. म्हणून दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, २००६ पासून लहान मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य जागा देणारी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे यांची कामे उपचाराचाच भाग आहेत. ज्याला राहायला जागा नाही तो उपचार अर्ध्यावर टाकून गावी परततो, आणि अर्धवट सोडलेल्या केमोसमोर उत्तमातले उत्तम संशोधन हतबल होते. निवारा आणि अन्न देणे म्हणजे माणसांचे ऋण फेडणे, हे जुने सूत्र इथे एका खोलीपुरते, एका गॅसच्या शेगडीपुरते, निर्जंतुक पाण्याच्या एका भांड्यापुरते खरे होते.

यावर पहिला आक्षेप धर्माच्याच नावाने येतो. आजार हे पूर्वकर्माचे फळ असेल तर त्यात आपण कशाला पडावे? हा आक्षेप कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही, पण आजारी मुलाच्या आईच्या मनात तो रात्रभर असतो: माझ्या हातून काय पाप झाले? याचे एक उत्तर फार जुने आहे. पाली ग्रंथांत बुद्धाला सीवक नावाचा परिव्राजक हेच विचारतो, आणि बुद्ध सांगतो की पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशा कारणांनीही वेदना होतात. सारे काही पूर्वकर्मानेच होते असे म्हणणारे वस्तुस्थितीच्या पलीकडे जातात. दुसरे उत्तर १९६० साली फिलाडेल्फियात मिळाले. पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जेनेट रौली यांनी दाखवले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तिथे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात. ही गफलत आईबापांकडून येत नाही. हाडांच्या मगजातल्या एका पेशीत ती घडते आणि त्या पेशीच्या वंशात चालू राहते. संशोधनाने त्या आईला औषधाच्या कितीतरी आधी निर्दोषत्व दिले. मला ही त्याची फार मोठी धार्मिक कामगिरी वाटते. आणि कर्मसिद्धांत मानणाऱ्यालाही दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून स्वस्थ बसणे हे आपलेच कर्म आहे, हे नाकारता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. संशोधन हा जुगार आहे. तोच रुपया समोरच्या रुग्णाला दिला तर तो आज वाचेल. शिवाय संशोधनातून औषध निघाले तरी ते गरिबाला कुठे परवडते? याचा पहिला अर्धा भाग मी काळाच्या हिशेबाने खोडतो. ते आखूड गुणसूत्र दिसल्यापासून त्यावर नेमका घाव घालणारे इमॅटिनिब अमेरिकेत मान्य होईपर्यंत, म्हणजे मे २००१ पर्यंत, ४१ वर्षे गेली. या औषधावर झटणाऱ्या ब्रायन ड्रुकर यांना वर सांगितलेल्या सोसायटीचेही अनुदान होते. मधल्या काळात प्रत्येक रुपया फक्त समोरच्या रुग्णाला दिला असता, तर त्या आजाराच्या रुग्णाला आजही आपण सांत्वनाशिवाय फारसे काही देऊ शकलो नसतो. आता रोज गोळी घेऊन तो जवळपास इतरांइतके जगतो. दुसरा अर्धा भाग मात्र खोडता येत नाही, तो मान्यच करावा लागतो. नोव्हार्टिस कंपनीच्या इमॅटिनिबचा, म्हणजे ग्लिव्हेकचा, खर्च भारतात महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मिळे. कंपनी अनेकांना ते फुकट देत होती, हेही सांगितले पाहिजे. पण फुकट देणाऱ्याची मर्जी बदलू शकते. मुंबईत १९६९ पासून रुग्णांना मदत करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या औषधाच्या पेटंटविरुद्ध उभी राहिली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंटचा दावा फेटाळला. रोज रुग्णांत वावरणाऱ्या संस्थेला संशोधनाचे फळ कुठे अडकते ते दिसते, म्हणून ती भांडू शकली. रुग्णाच्याच पेशी बदलून करायच्या नव्या उपचारांतही खर्चाचा हाच प्रश्न दिसला. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने विकसित झालेली कार-टी उपचारपद्धती २०२३ मध्ये भारतात मान्य झाली. तिचा खर्च परदेशातल्या तशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश आहे. तोही गरिबाला जड आहे, हे विसरून चालणार नाही.

एक शंका मलाही छळते. ऋणाची भाषा रुग्णावरच तर उलटणार नाही ना? तू पूर्वीच्या रुग्णांमुळे वाचलास, आता चाचणीत भाग घे, असे कोणी त्याला म्हणू लागले तर ती सावकारी होईल. म्हणून हे स्पष्ट असावे की देणे निरोग्याच्या डोक्यावर आहे. रुग्ण स्वतःहून, समजून आपल्या हाडांतला मगज संशोधनाला देतो तेव्हा तो आपल्यावरचे देणे वाढवतो, आणि नकार देतो तेव्हाही त्याची खोली, त्याचे जेवण, त्याचे औषध तसेच राहिले पाहिजे.

तेव्हा कुठल्याही संस्थेला देणगी देण्याआधी तिला दोन गोष्टी विचारा. बाहेरगावच्या रुग्णाचे कुटुंब आज रात्री कुठे झोपणार? आणि या रुग्णाकडून जे कळले ते पुढच्या रुग्णापर्यंत कसे पोहोचणार? एकाच प्रश्नाचे उत्तर मिळाले तर दुसऱ्या कामासाठी दुसरी संस्था शोधा आणि दोघींना द्या. पैसे नसतील तर प्लेटलेट द्या. रक्तपेढीत फिकट पिवळ्या प्लेटलेटच्या पिशव्या यंत्रावर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि त्या पाच दिवसच टिकतात. पुढच्या आठवड्याच्या पिशव्या अजून कोणाच्या तरी अंगात आहेत.