साल आणि सांभाळ

पोर्ट वाइनच्या जाणकारांत एक वाद मिटत नाही. 1963 श्रेष्ठ, 1970 की 1977? पोर्तुगालच्या डोउरो खोऱ्यातली ही गोड, कडक वाइन. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांपासून काढलेला मद्यार्क ओततात. आंबणं थांबतं, साखर उरते आणि मद्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास जातं. दहा वर्षांत साधारण तीनच सालं ‘व्हिंटेज’ म्हणून जाहीर होतात. ती वाइन दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि मग ती काही दशकं तशीच पडून राहते.

1977 ची वाइन बाजारात आली तेव्हा तिचं फार कौतुक झालं. पुढे तिच्यातल्या काही बाटल्या अपेक्षेआधीच ओसरल्या, आणि सुरुवातीला मागे पडलेल्या 1970 ला अनेकांनी वरचा मान दिला. 1975 तर हलकीच होती, लवकर पिकली. म्हणजे तरुणपणीच्या कौतुकावरून म्हातारपण ओळखता येत नाही. बाटलीत तुरट द्रव्यं आणि रंगद्रव्यं हळूहळू एकमेकांना धरतात, जड होतात, गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरी होतो, तुरटपणाची धार मोडते. हा प्रवास प्रत्येक सालाचा वेगळा असतो.

पण मला वाटतं, या वादात सालाला नको इतकं श्रेय दिलं जातं. पुण्याजवळच्या खडकीत राहणाऱ्याला हे लवकर कळावं. ब्रिटिशांच्या लष्करी मेसमध्ये जेवण उरकलं की टेबलावर पोर्टची सुरई फिरे, आणि खडकी ही तर त्यांची जुनी छावणी. युरोपातल्या तळघरांत 12-13 अंशांवर विसावणाऱ्या बाटलीला इथे एप्रिल-मेमध्ये 38-40 अंश सोसावे लागतात. तापमान दहा अंशांनी चढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. एका खोलीत असे चार-पाच उन्हाळे काढलेल्या 1963 आणि 1977 मधला फरक कोण सांगणार? दोन्ही शिजलेल्याच लागतील. सालांची तुलना सांभाळ सारखा असेल तरच खरी. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ पोर्ट पिंपांतून इंग्लंडला जाऊन तिथे बाटलीत भरली जाई. तेव्हा एकाच सालाच्या दोन बाटल्यांचा जन्म एका मळ्यात झाला, तरी त्यांचं बालपण वेगळं असे.

उष्णता सगळ्यांचीच शत्रू नसते, हेही खरं. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, त्या काळात हिंदुस्थानातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची आवडती वाइन होती मदेरा. तिची पिंपं जहाजात विषुववृत्त ओलांडून इथवर येत, कधी तशीच परत जात, आणि उकाड्याने ती अधिकच चांगली होई. लाकडी पिंपात हवेच्या सोबतीने पिकणारी टॉनी पोर्टही बाटलीतल्या बहिणीपेक्षा वेगळी वाढते. तिचा फळाचा गंध मागे पडतो आणि सुक्या मेव्याचा पुढे येतो. वय म्हणजे नुसती वर्षांची बेरीज नव्हे.

गोव्याहून पुण्यात येणाऱ्या पोर्टच्या बाटलीवर बहुधा साल नसतंच. ती गोड असते, स्वस्त असते, आणली की संपते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नाशिकच्या वाइनबद्दल. साल छापायचं, आणि बाटली उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर उभी ठेवायची, हे पटत नाही. दरवर्षीच्या हंगामातल्या थोड्या बाटल्या 14-15 अंशांवर, अंधारात राखून ठेवायला फार मोठं भांडवल लागत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीतून वाचलेली द्राक्षं आणि 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसानंतर पिकलेली द्राक्षं पुढे कशी म्हातारी झाली, हे शेजारी-शेजारी दोन पेले ठेवून पाहता यायला हवं. शेतकऱ्याने ते हंगाम कसे काढले, याची दुसरी कुठली नोंद इतकी बारीक असेल?