अर्धा पत्ता

मु. पो. निमगाव केतकी, ता. इंदापूर, जि. पुणे. एवढ्या पत्त्यावर आपल्याकडे लग्नपत्रिका येते, बँकेचं एटीएम कार्ड येतं, मुलीच्या नोकरीचं पत्रही येतं. फार तर मध्ये एखाद्या वस्तीचं नाव. घराला नंबर नाही, गल्लीला पाटी नाही. बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर निम्मा पत्ता कागदावर असतो आणि उरलेला टपाल आणणाऱ्याच्या डोक्यात: कॅनॉलच्या अलीकडं, डाळिंबाच्या बागेला लागून, विहिरीजवळचं घर. कुरिअरवाल्या पोराला हे ठाऊक नसतं. तो फाट्यावर थांबतो आणि फोन लावतो, “काका, पार्सल आलंय, येताय का न्यायला?”

म्हणूनच त्या खोट्या मेसेजची मला आपल्या भागासाठी जास्त धास्ती वाटते. तुमचं पार्सल गोदामात आलं आहे, दोनदा प्रयत्न केला, पत्ता अपुरा असल्यानं देता आलं नाही, ४८ तासांत खालच्या लिंकवर पत्ता भरा, नाहीतर पार्सल परत जाईल. फ्लॅट नंबर, विंग, मजला सगळं नीट लिहिणाऱ्याला इथं निदान शंका तरी येईल. आपल्याला वाटतं, खरंच आहे की, पत्ता आपला अपुराच. त्यात पोरानं मोबाइलवरून काहीतरी मागवलेलं असतंच. चोर नेमकं आपल्या मनातलं बोललेला असतो.

भारतीय डाकच्या नावानं हा मेसेज देशभर फिरला. २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं तो बनावट असल्याचं जाहीर केलं. लिंकवर पत्ता भरा, असे मेसेज टपाल खातं पाठवत नाही, हेही सांगितलं. तरी तो अजून येतो, कधी परदेशी नंबरावरून, कधी एखाद्या कुरिअर कंपनीचं नाव लावून.

लिंक उघडली की पान हुबेहूब टपाल खात्याचं वाटतं. आधी नाव-पत्ता विचारतात. मग पुन्हा डिलिव्हरी करण्याचे म्हणून किरकोळ पैसे, इतके थोडे की कुणी घासाघीसही करणार नाही. पण ते भरायला कार्डाचा नंबर लागतो, कार्डामागचे तीन आकडे लागतात आणि शेवटी ओटीपी. किती रुपये जाणार ते बहुतेक वेळा त्या ओटीपीच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, पण घाईत नजर जाते ती फक्त आकड्यांवर. उसाचं बिल, दुधाचा पगार ज्या खात्यात जमा होतो, तेच खातं अशानं रिकामं होतं.

खऱ्या टपालाची रीत साधी आहे. स्पीड पोस्टला तेरा खुणांचा नंबर असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी भारताची ‘आय’ आणि ‘एन’. तो टपाल खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. त्याचा पत्ता ‘इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. मेसेजमधल्या लिंकचा शेवट ‘डॉट टॉप’सारखा काहीतरी असेल, तर ती सरकारी नाही. पत्ता सापडलाच नाही, तर टपाल पाठवणाऱ्याकडं परत जातं. त्यासाठी तुमचं कार्ड कुणाला लागत नाही. अर्ध्या पत्त्याची सोय तर आपल्या टपालानं केव्हाच केलेली आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, त्यामागं श्रीराम भिकाजी वेलणकर होते, मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. बारामती ४१३१०२, इंदापूर ४१३१०६. हे सहा आकडे टपाल योग्य कचेरीत पोचवतात, पुढचं ग्रामीण डाकसेवक बघतो. त्याचा नंबर फोनमध्ये ठेवावा आणि शंका आली की त्यालाच विचारावं.

पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी कळवलं, तर ती गोठवता येते. सोबतच बँकेला सांगून कार्ड बंद करायचं. इथं बरेच जण लाजेपायी घरात बोलत नाहीत, रात्र तशीच काढतात, आणि तेवढ्या वेळात पैसे तीन-चार खात्यांतून फिरून जातात. म्हणून आबांनी किंवा आईनं असं काही सांगितलं, तर “कशाला दाबलं ते?” हा प्रश्न त्या घडीला तोंडातून काढू नये. फोन हातात घ्यावा, व्यवहाराचा मेसेज शोधावा आणि त्यांच्या शेजारी बसून १९३० लावावा.